देवळाच्या अंगाचा खडा

गावानं प्रेमाबाईकडं पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेच्या पटांगणात. बेंबळीच्या पुढच्या त्या लहानशा गावाच्या तळ्यात ती चाळीस वर्षं मासे धरत होती. टायरच्या ट्यूबवर बसलेली तिची पाठ बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसायची, पण नुसत्या पाठीची ओळख कोण ठेवतो?

त्या दिवशी पटांगणात रांगोळीनं अख्खं शिवार काढलं होतं. पाऊस हल्ली महिना महिना दडी मारतो आणि आला की दोन दिवसांत बांध फोडून जातो. पुढची दहा वर्षं गावानं पाणी कसं सांभाळायचं याचा आराखडा करायला एका संस्थेकडून निकिता नावाची मुलगी आली होती. शेतकऱ्यांनी विहिरी दाखवल्या, ओढे दाखवले, एका नाल्यावरून थोडं भांडणही झालं. मग निकितानं मागं उभ्या असलेल्या प्रेमाबाईला हाताला धरून पुढं आणलं आणि तिच्या तळव्यावर पांढरा खडा ठेवला. तळं आटतं तेव्हा मासे जिथं तग धरतात, ती जागा मावशींनी दाखवायची. तिथलं पाणी कुणीही उपसणार नाही असं आराखड्यात लिहू, असं तिनं समजावून सांगितलं.

प्रेमाबाईनं पदर सावरला, वाकली आणि खडा मारुतीच्या देवळाच्या अंगाला ठेवला. खरा डोह बरोबर समोरच्या काठाला, माळाच्या पायथ्याशी होता.

तिनं ठरवून लबाडी केली असं नव्हे. भोई माणूस डोहाकडं बोट करत नाही. तळ्याकाठी एकेकाळी भोयांची नऊ घरं होती आणि ‘आज कुठं गावली?’ असं कुणी विचारलं की नऊही घरं उलटा काठ सांगायची. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. पोरं जाळं फेकायला शिकायच्या आधी हे शिकायची. ती लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्यानं, दगडोबानं, तिला तो डोह दाखवला होता, तोही हनुवटीनं. होळी झाली की दोघं बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून डोहात सोडत, म्हणजे चोरून कुणाचं जाळं पडू नये आणि मरळ माशाला पिलं घेऊन दडायला जागा व्हावी. त्यानंतर मृगापर्यंत तिथं हात घालायचा नाही. दगडोबा गेल्यावरही ती एकटीनं फांद्या ओढत नेत होती.

गावसभेत आराखडा वाचला गेला तेव्हा ती दाराशी बसली होती. देवळाच्या अंगाची जागा माशांसाठी राखीव, हे ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या ओळीला मात्र ती उठून उभी राहिली. पिण्याच्या पाण्याची विहीर तळ्याच्या पोटात खोदायची होती, माळाच्या पायथ्याशी. यंत्रानं तपासून सगळ्यांत खोल जागा तीच निघाली होती.

दुसऱ्या दिवशी ती सरपंच रणधीरच्या दारात जाऊन उभी राहिली. खडा चुकला, डोह पलीकडं आहे, एवढंच तिनं सांगितलं. रणधीर तसा मनानं वाईट नव्हता. पण पारावरची चार माणसं तिथं बसली होती.

“काकू, डोह रातोरात सरकला व्हय?” तो म्हणाला. “का मासे चालत गेले?”

माणसं हसली. तीही थोडं हसली, कारण तिथं दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही. मग रणधीरनं सरळ सांगितलं की कागद वर गेलेत, उन्हाळ्यात बाया दोन-दोन मैल पाण्याला जातात आणि विहिरीला दुसरी जागा नाही. हे तिलाही खोटं म्हणता येईना. त्या बायांत तीही होती.

निकिता मात्र ऐकून मुद्दाम आली. दोघी बांधावर बसल्या. मुलगी रागावली नव्हती, तिला वाईट वाटलं होतं.

“मावशी, त्या दिवशीच का नाही सांगितलं?”

“सवय न्हाय बाई सांगायची.”

“पण कुणापासून लपवत होता?”

प्रेमाबाईनं काठावरच्या घरांकडं पाहिलं. दोन दुष्काळ लागोपाठ पडले तेव्हा चार घरं उजनीकडं गेली, तिथं बारमाही पाणी म्हणून. तीन सोलापुरात मजुरीला. आठवं दिराचं, त्याचे पत्रेसुद्धा कुणी उचलून नेले होते. उरलं तिचं. तिचा शंभू पुण्याकडं कारखान्यात होता आणि त्याच्या पोरीला मासा काट्यासकट खाता येत नव्हता.

“तेच बघायलेय मी,” ती म्हणाली. “कुणीच न्हाय की.”

वैशाखात विहीर खोदायला इंजिनं लावून डोह उपसला. तीन दिवस लागले. निकितानं बोलणी करून एक कबूल करून घेतलं होतं: मासे जिवंत काढून राखीव जागी सोडायचे. प्रेमाबाईनं आधी बाभळीच्या फांद्या बाहेर ओढल्या. वर्षानुवर्षांच्या, काळ्या पडलेल्या, खालच्या तर दगडोबाच्या हातच्या असणार. मग पिंपातून मरळी देवळाच्या अंगाला नेल्या. तिथं पाणी गुडघाभर आणि उनानं कढत. दुसऱ्या सकाळी बहुतेक मासे उलटे तरंगत होते. पोरं ते गोळा करून घेऊन गेली.

पावसाळ्याआधी विहीर बांधून झाली. देवळाच्या अंगाला पाटी लागली: ‘राखीव मत्स्य डोह’. त्याखाली बारीक अक्षरात माहिती देणारीचं नाव आहे, प्रेमाबाई दगडोबा भोई. तिला वाचता येत नाही. शाळेतून येणाऱ्या आरोही नावाच्या पोरीनं वाचून दाखवलं तेव्हा तिनं ते दोनदा वाचायला लावलं.

होळी झाली की ती अजून बाभळीच्या फांद्या तोडते आणि त्या पाटीखाली टाकते. पाण्यात त्या अर्ध्या उघड्याच राहतात. बाजारच्या दिवशी बेंबळीत बर्फातले मासे विकते, टेम्पोवाल्याकडून घेतलेले. कुठले, असं गिऱ्हाइकानं विचारलं तर उजनीचे म्हणून सांगते, आणि ते खरंच उजनीचे असतात. तिच्या दारात आता नळ आहे. तिसऱ्या दिवशी पाणी येतं. एकटीला दोन घागरी पुरतात.