लिफ्टचा उंबरठा

“बाबा, तुम्ही उतरा. मागच्या लिफ्टनं या.”

बेसा भागातील एका उंच इमारतीच्या तळमजल्यावर हे शब्द मी ऐकले. लिफ्टच्या तळाशी भार जाणणारे यंत्र असते. वजन अधिक झाले म्हणून त्याने घंटा वाजवली होती. सर्वांत शेवटी आत शिरले होते सोसायटीचे अध्यक्ष, देहाने भरभक्कम. उतरायला त्यांनी सांगितले मला. मागची लिफ्ट म्हणजे कचऱ्याचे ड्रम नेणारी.

दर एकादशीला आठव्या मजल्यावर, या अध्यक्षांच्याच घरी, मी गीतेचे विवरण करीत असे. तेव्हा मी ‘गुरुजी’ होतो. मागच्या एकादशीला कोणी सहज कुळ विचारले. मी म्हणालो, “उमरेडचे विणकर. वडील मागावर बसत.” त्या दिवशी तीर्थ माझ्या हातावर पडले ते वरून. आणि गुरुजींचे बाबा झाले.

मी उतरलो. सोसणे म्हणजेच तितिक्षा, असे मी आयुष्यभर मानले होते.

घंटा वाजतच राहिली. या हाडांचे वजन ते किती!

“बाबा उतरले, तरी बोंबलूनच राहिली गा हे!” कोणीतरी हसले.

मग अध्यक्षांची नजर लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या सखूबाईंकडे वळली. इमारतीचे जिने त्या झाडतात. माझे थकलेले गुडघे पाहून पोथीची पिशवी त्यांनी उचलली होती.

“तू बी उतर वं.”

“मीच काहून? शेवटी तर तुम्ही आले ना, साहेब!”

“उतर म्हटलं ना!”

त्या उतरल्या. घंटा थांबली. दारे मिटू लागली.

मी उंबरठ्यावर पाय ठेवला. दारे माझ्यापर्यंत आली, परत उघडली. पुन्हा आली, पुन्हा उघडली. दारात मनुष्य उभा असेल तर लिफ्ट हलत नाही.

“काहून अडवून राहिले, बाबा?”

“जे शेवटी आले, त्यांनी उतरावे.”

दारे आणखी एकदा आली, उघडली. अध्यक्ष उतरले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “नको आम्हाले तुमची गीता.”

सखूबाईंच्या हातून मी पोथी घेतली आणि दारातून पाय काढला.

लिफ्ट वर जाते तेव्हा तिच्याच दोराच्या दुसऱ्या टोकाचे लोखंडी वजन भिंतीआड खाली येत असते. ते कोणाला दिसत नाही. त्याच्या बळावर माणसे चढतात. पिढ्यान् पिढ्या ते वजन आम्ही झालो, आणि आमच्या उतरण्याला विनय म्हणत राहिलो.

गीता माझी आहे. ती माझ्याबरोबर खाली राहिली. ज्याला ऐकायची असेल, त्याने उतरावे. कोणाच्या चढण्यासाठी मी आता उतरणार नाही.