छताखालची झोप

मामा कामावर झोपायचे. चोरून नाही. चांगले घरमालकाच्या डोळ्यांदेखत, हॉलच्या मधोमध गोणपाट अंथरून, पाय लांब करून, आणि वर घोरायचे. छताचा गिलावा झाला, आठ-दहा दिवस त्याला पाणी मारून झालं, परांची सुटली, की शेवटच्या दिवशी दुपारी भाकरी खाऊन मामा त्या छताखाली तासभर झोप काढायचे. त्याशिवाय त्यांनी नाशकात एकही घर मालकाच्या ताब्यात दिलं नाही. "ज्या छताखाली मला झोप लागत नाय, तिथं दुसऱ्याला कसा झोपवू?" असं म्हणायचे.

ते काही माझे सख्खे मामा नव्हते. सायखेड्याचे गिलाव्याचे मिस्तरी, आणि सगळी लेबर त्यांना मामाच म्हणायची. मी बारा वर्षं त्यांचा हेल्पर. बारा वर्षांत लोकांची पोरं डॉक्टर होऊन येतात. मी आलो तेव्हा घमेलं उचलत होतो आणि बारा वर्षांनी तेच घमेलं उचलत होतो, फक्त घमेलं नवीन होतं. शाळेचंही माझं असंच. चौथीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरांनीच हात जोडले.

इंदिरानगरला एका ताईंच्या बंगल्यात मामा असेच झोपले होते. ताई चहा घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या. "अहो मिस्तरी, तुम्हाला झोपायला बोलावलंय का मी?" मामांनी डोळे न उघडताच सांगितलं, "ताई, कामच चालू हाय. शेवटचं राह्यलंय तेवढं उरकतो." ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी मामांच्या शेजारी आडवा होतो, पण तोंडावर घमेलं पालथं घालून. त्या छताचा एक कोपरा मी मारला होता ना.

ताई गेल्यावर मामा उठून बसले. "हिरो, घमेलं काढ तोंडावरचं." मी हिरो, बरं का. तोंड बघून नाही, केस विंचरण्यात अर्धा तास घालवायचो म्हणून. "स्वतःची भाजी नाक दाबून खाणारा आचारी पाह्यलास का कधी?" मी म्हणलं, "नाही मामा." "मग आता आरशात बघ." आणि त्यांनी माझा कोपरा छिन्नीनं पाडला आणि स्वतः परत मारला. त्याच्यासाठी आणखी आठ दिवस आम्ही तिथं पाणी मारत होतो.

छताशी माझं वाकडं. भिंतीला मी बरा आहे, भिंत उभी असते, आपणही उभे असतो. छताला मी माल मारायचो आणि तो पोत्यात घालून लांब सोडलेल्या बोक्यासारखा लगेच माघारी यायचा. कॉलरमधून आत, पार कमरेपर्यंत. मामा खालून म्हणायचे, "हिरो, गिलावा छताला करायचा हाय, तुझ्या बनियनला नाय."

त्यांचं सगळं लक्ष टाच्यांवर. स्लॅबचं पोट गुळगुळीत असतं, काचेसारखं. त्याला छिन्नीनं बारीक बारीक खड्डे पाडायचे, ते टाचे. त्यात माल रुततो. दोन दोन दिवस मान वर करून ठोकत बसायचं, डोळ्यांत कच, खांद्यात गोळे. मी म्हणायचो, मामा, बास झाले की. मामा म्हणायचे, "टाचे नसले की माल पाव्हण्यावानी राहतो. चार दिस बसतो, मग उठतो." आणि गिलावा पातळ. "छताला साडी नेसवायची, घोंगडी नाय."

हे सगळं मला तोंडपाठ होतं. इतकं पाठ, की घरी जेवताना मी मामांची नक्कल करायचो. गोधडी अंथरायची, घोरायचं, एक डोळा उघडून म्हणायचं, "ताई, कामच चालू हाय." माझी बायको सुनिता आणि पोरगी ज्योती हसून हसून लोळायच्या. मामा का झोपतात, कुठं झोपतात, हे माझ्या घरात भांड्यांनाही माहीत होतं. हे पुढं माझ्याच अंगावर येणार, एवढी अक्कल असती तर मी चौथी पास झालो असतो.

मामांचे गुडघे गेले आणि ते सायखेड्याला जाऊन बसले. मी झालो मिस्तरी. भिंती मी करायचो, छताला दुसरा माणूस आणायचो आणि गिऱ्हाइकाला सांगायचो, माझ्या मानेत गॅप आहे. असं चाललं होतं. मग ज्योती बाळंतपणाला आली. तिला मुलगी झाली. बारसं आमच्याकडं, आमच्या नव्या हॉलमध्ये. स्लॅब पडताना मी हौसेनं मधोमध पाळण्याची कडी सोडली होती. पण ज्योती आली तेव्हा छत बिनगिलाव्याचंच होतं, आणि व्याही काही साधे नाहीत, ऑफिसात क्लार्क आहेत. प्रत्येक गोष्ट वाचून मग सही करतात. त्यांना मी फोनवर सांगून बसलो, "हॉलचं छत मी स्वतः माझ्या हातानं करतोय, नातीसाठी."

केलं. टाचे मारलेच नाहीत. खरं सांगतो, तीन मारले, कडीच्या बाजूला, मग मान दुखली. स्लॅब जरा वरखाली होता, तो झाकायला माल जाड थापला. पाणी दोन दिवस मारलं, तिसऱ्या दिवशी पुट्टीवाला रिकामा होता म्हणून त्याला बोलावलं. वरून गुलाबी रंग. कडीभोवती मी स्वतः कमळ काढलं. कमळ इतकं झकास आलं, की मी त्याच्याखाली उभा राहून फोटो काढला.

मग काठी घेतली आणि मामांसारखं ठोकून बघितलं. चांगला गिलावा टण बोलतो, सुटलेला बद्द बोलतो. कोपऱ्यात टण. मध्ये आलो, बद्द. कडीपाशी बद्द, कमळाच्या पाकळीपाकळीला बद्द. सुनिता आतून म्हणाली, "काय हो, कसला आवाज?" मी म्हणलं, "काठी चिरलीय." आणि काठी दाराबाहेर टाकली. म्हणजे मला माहीत होतं. आजवर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतोय.

बारशाच्या आदल्या दिवशी मामा आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पोरीसाठी टोपडं. दारातच वर बघितलं. मामा म्हणाले, "फूल झ्याक काढलं." ठोकलं नाही, काही नाही. पोटभर भरीत-भाकरी खाल्ली, पोरीला मांडीवर घेतलं, तिच्याशी काहीतरी बोलले. मला वाटलं, म्हातारपणी विसरले बहुतेक. मी खुशीत हॉलच्या मध्ये गादी टाकली, टेबल फॅन लावला. "मामा, पडा जरा."

मामा गादीकडं आले. वाकून उशी उचलली. आणि उशी काखेत घालून बाहेर ओट्यावर गेले, उन्हात, आणि तिथं आडवे झाले.

ज्योती बघत होती. "पप्पा, मामा आजोबा बाहेर का झोपले?"

"त्यांना मोकळ्या हवेची सवय आहे."

"ऊन आहे बाहेर. फॅन तर इथं चालूय."

"गावाकडचं माणूस आहे, बाई."

तिनं मान वर केली. कडीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि बाहेर जाऊन मामांच्या उशाशी बसली. सुनिता लापशीचे गहू निवडत होती, दोन मिनिटांनी तीही ताट उचलून बाहेर गेली. जाताना एवढंच म्हणाली, "काठी चिरली होती नाही का?" सगळं घर ओट्यावर, आणि हॉलमध्ये फॅनसमोर, कमळाखाली मी एकटा. राजासारखा. मग मलाच मान खाली घालून भिंतीच्या कडेकडेनं बाहेर यावं लागलं.

मामा डोळे मिटून होते. म्हणाले, "कधी सांगणार व्हतास?"

"बारसं झालं की, मामा. उद्याचा दिवस जाऊ दे. एवढी माणसं येणार, व्याही येणार. परवा सगळं पाडतो, शप्पथ."

"पोरगी पाळण्यात कधी झोपणार हाय?"

"उद्या."

ज्योती पदरानं पोरीच्या तोंडावर सावली धरून बसली होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

मी घण शोधायला लागलो. सुनिता म्हणाली, "कोयंडा ठोकायची हातोडी पुरेल." आणि पुरली की हो. कडीपाशी एक ठोका मारला आणि सगळं कमळ एकसंध, पापडासारखं सुटून माझ्या खांद्यावर बसलं. माझा माल शेवटी माझ्याकडंच आला. दिवस मावळायच्या आत अर्धं छत खाली होतं आणि मी नखशिखांत गुलाबी.

बारसं ओट्यावर झालं. पाळणा बाहेरच्या लिंबाच्या फांदीला बांधला. व्याही आले, बूट काढता काढता आत डोकावले. "अहो, हे छत?" मी तोंड उघडलं, "ते जरा नवीन डिझाइनचं काम..." मामांनी काठी ओट्यावर एकदा आपटली, हळूच. मी म्हणलं, "मीच केलं होतं. वाईट केलं होतं. काल पाडलं." व्याह्यांनी दुसरा बूट काढून नीट ठेवला. मग म्हणाले, "आमच्या बिल्डिंगमध्ये छताचा गिलावा दोनदा पडलाय. पण मीच केलं म्हणणारा मिस्तरी आज पहिल्यांदा पाहिला." आणि लापशी दोनदा मागून घेतली. त्यांनी मनात कुठं सही केली, मला अजून माहीत नाही.

मामा राहिले. खाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे, काठीनं जागा दाखवायचे. टाचे मी मारले, तीन दिवस. दर थोड्या वेळानं विचारायचो, "झाले का मामा?" मामा म्हणायचे, "आजून." गिलावा मारला, पातळ. पाणी मारलं, रोज, मोजून आठ दिवस. शेवटच्या दुपारी मीच गादी टाकली आणि उशी मामांच्या हातात दिली. त्यांनी ती मला परत दिली. "केलंस तू. मी काय झोपायचं? तू झोप."

मी आडवा झालो. कडीकडं टक लावून तासभर. मामांनी विचारलं, "लागली का?" "नाही मामा." "लागंल," म्हणाले, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

दिवाळीला ज्योती पोरीला घेऊन आली, आणि मामाही परत आले. जेवणं झाली, पण गादी टाकायची माझी हिंमत होईना. गादीची गुंडाळी कोपऱ्यातच ठेवली आणि मी हात धुवायला गेलो, लय वेळ हातच धूत बसलो. बाहेर आलो तर मामांनी गादी स्वतः ओढली होती, बरोबर कडीखाली, पाळण्याला लागून. पोरगी पाळण्यात, मामा खाली, आणि दोघं घोरत होते. पोरगी बारीक, मामा जाड. सुनितानं मिक्सर लावला, मी धावत जाऊन बटण बंद केलं. ओल्या हातानं. शॉक बसला. पण ओरडलो नाही.

त्यानंतर मामा आमच्याकडं आले नाहीत. उन्हाळ्यात सायखेड्याहून फोन आला. झोपेतच गेले, दुपारच्या.

आता मी छतं घेतो. मानेतला गॅप गेला. टाचे मारतो, आजून, आजून म्हणत. शेवटच्या दिवशी गोणपाट टाकून त्याखाली पडतो, तोंडावर घमेलं नाही. पण मामांसारखी झोप मला लागत नाही. डोळे मिटतो आणि प्रत्येक कोपरा मनात ठोकत बसतो. मग कुणीतरी ताई दारात येतात, हातात चहा, कपाळाला आठी.

"मिस्तरी, झोपलात का?"

"नाही ताई," मी म्हणतो. "अजून शिकतोय."