अडलेला कौल

चांगदेव गुरवाने देवाच्या कामात कधी लबाडी केली नव्हती. बाकीच्या कामांत थोडीफार केली असेल, माणूसच तो. पण ग्रामदैवत बहिरीच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि हात जोडून उभं राहायचं, एवढं तो बापाने दाखवलं तस्संच करायचा. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आणि कौल लावला की तो पडेपर्यंत देवळातून कुणी उठायचं नाही, मग वरात खोळंबली तरी चालेल.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या या गावात रसायनांच्या कंपनीत स्फोट झाला, त्या दुपारी देवळातली घंटा कुणी हात न लावता वाजली होती. गावची चार पोरं गेली. शेजारच्या सखुबाईचा विनेश त्यांतला एक. त्याचं जे काही मिळालं ते एका पिशवीत आलं, आणि ती उघडू नका म्हणून पोलिसांनी बजावलं.

सुरुवातीला गाव पेटलं. बाया गेटवर जाऊन बसल्या, दगड पडले, मेणबत्त्या लागल्या, पुढारी फोटो काढून गेले. मग आवाज खाली आले. कुणी म्हणे कंपनी कायमची बंद करा. कुणी म्हणे, बंद करून खायचं काय, मिठागरं तर आपणच भराव घालून बुजवली. पाण्यावर जाणाऱ्या सख्ख्या जावा एकमेकींशी बोलेनात. वाऱ्याबरोबर कंपनीचा उग्र वास अजून यायचा, पण त्याचं नाव काढायचं लोकांनी सोडून दिलं होतं.

कंपनीला स्फोटातून वाचलेली दुसरी टाकी पुन्हा सुरू करायची होती आणि माणसं जायला धजत नव्हती. गणराज ठेकेदार गावचाच, मोठा डोकेबाज. तो म्हणाला, "कौल लावू. देव हो म्हनला तर कामावर, न्हाय म्हनला तर मी परत तोंड उघडनार न्हाय." गावाला ते पटलं. आपण ठरवायचं टळतंय म्हटल्यावर कुणाला पटणार नाही?

चांगदेवचा मुलगा हितेश मात्र त्याच टाकीवर कामाला. स्फोटाच्या दिवशी सुट्टी होती म्हणून वाचला. जेवताना तो म्हणाला, "टाकीचा वॉल्व गळतो बाबा. सांगून सांगून थकलो."

"मग जाऊ नको."

"कौल उजवा पडला तर? गुरवाचा पोर एकटा घरी बसला तर गाव काय म्हनंल?"

सोमवारी पहाटे चांगदेवने परसातल्या फणसाला कोयत्याने खाच पाडली आणि चीक बोटांवर घेतला. उजवी पाकळी तेवढी चिकटवून डावी मोकळी सोडली असती, तर काम सरळ होतं. पण देवाच्या तोंडी खोटा नकार घालायची त्याची छाती झाली नाही. त्याने दोन्ही चिकटवल्या. देवाला गप्प बसवलं, बस्स.

गाव जमलं. सखुबाई अगदी पुढे बसली. गाऱ्हाणं झालं, ऊन गाभाऱ्यापर्यंत आलं, पाकळ्या सुकून वळल्या, पण पडेनात. कंपनीचा भोंगा वाजला तरी कुणी हललं नाही. "देव विचारात पडलाय," म्हातारे कुजबुजले. गणराज कानाला फोन लावून उंबऱ्याशी उभा राहिला.

हितेश बापाला पाणी द्यायला आला. तांब्या घेताना चांगदेवची बोटं त्याला दिसली, चिकाने काळी पडलेली. तो अगदी हळू म्हणाला, "हाताला तेल लावायचं इसरलास, बाबा." आणि परत जागेवर जाऊन बसला. चांगदेवचा जीव भांड्यात पडला. पोरगं आता इथून हलत नाही, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात रस्त्याने कंपनीची बस आली. आत परमुलखातली पोरं खच्चून भरलेली, नव्या पिवळ्या टोप्या घातलेली. त्यांतल्या एकाने खिडकीतून बहिरीला हात जोडले. गणराजने फोन खिशात टाकला. कुणाच्या नजरेला नजर मात्र देईना.

हितेश उठला. "ह्यांना कुनी सांगितलंय का वॉल्वचं?"

"खाली बस," चांगदेव म्हणाला. "कौल पडला न्हाय अजून."

"तो पडनार न्हाय, बाबा. तुला ठावं हाय."

देवळाच्या पायऱ्या उतरून तो धावत सुटला. गतिरोधकापाशी बस मंदावली, त्याने दारावर थापा मारल्या, दार उघडलं आणि तो आत चढला. सखुबाईने डोळे मिटून घेतले.

चांगदेव पाषाणाकडे वळला आणि साऱ्या गावासमोर नखांनी डावी पाकळी खरवडायला लागला. तिचे तुकडे नखांत अडकत होते, चीक काही सुटत नव्हता. "न्हाय म्हनला," तो रस्त्याकडे तोंड करून ओरडत होता, "देव न्हाय म्हनला रे." बस तोवर बुजवलेल्या मिठागराच्या वळणावरून गेटकडे वळली होती.