काचेवरचे रंग

लहानू गायखे आमच्या सातपूरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काचा पुसत होते. काच उजेडात तिरपी धरायची आणि इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले, की तेलकट बोट लागलं समजून पुसायची. त्यांनी पुसलेली काच कधी परत आली नाही.

गेल्या वर्षी लेसरचा विभाग निघाला. काचेवर वीज वाहून नेणारा पारदर्शक थर असतो. त्यावर लेसरने केसाच्या शंभराव्या भागाइतक्या बारीक रेघा कोरायच्या, असं ते काम. मार्चमध्ये ग्राहकाची माणसं नमुना पाहायला येणार होती. तो पसंत पडला तरच विभाग टिकणार होता, आणि लहानूंची निवृत्तीनंतरची दोन वर्षांची नोकरीही तिथेच ठरली होती.

ती माणसं यायची होती त्या सकाळी विभागातल्या टेबलावरच्या काचेवर लहानूंना रंग दिसले. त्यांनी पॉलिशची पावडर लावून काच घासली.

विभागाच्या योगिनी मॅडम आल्या आणि काच उचलून बघत राहिल्या.

"काका, हिच्यावरचे रंग?"

"काढले. लय चिवट होते. वडा खाऊन हात लावला होता का कोणी?"

"अहो, रेघा नीट उमटल्या की तसेच रंग दिसतात. पाहुण्यांना दाखवायचा नमुना होता हा, पंधरा दिवसांचं काम."

"मला कोणी सांगितलं नाय."

"नाही सांगितलं," मॅडम म्हणाल्या.

पाहुणे अकराला आले आणि चहा घेऊन गेले. महिनाअखेर विभाग बंद झाला. लहानूंना कामावरून मोकळं केल्याचं पत्र मीच दिलं. त्यांनी ते वाचून घडी घातली.

"साहेब, डबा आणलाय. कँटीनमध्ये बसून खाल्ला तर चालंल ना?"

मी हो म्हणालो.