रबरी हात आणि आमच्या वहिनी

आमच्या वहिनी नर्सिंग कॉलेजात प्राध्यापक आहेत. नर्सने नेमकं काय करायचं आणि डॉक्टरने काय, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. दादाला, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, हे कधीच पटलं नाही.

“नर्स काय करते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं,” तो एकदा जेवताना म्हणाला. “त्यावर पीएच.डी. कसली?”

“ठाऊक आहे ना? मग सांगा.”

“इंजेक्शन देते. ताप बघते.”

“आणि डॉक्टरांचं हरवलेलं पेन शोधते, हरवलेले रिपोर्ट शोधते, कधीकधी हरवलेले डॉक्टरही शोधते. पंखा बंद पडला की वायरमनच्या मागे लागते. नातेवाईक चिडले की बोलणी खाते. अहो, मीठ ठेवा खाली! बीपी आहे ना तुम्हाला?”

दादाने मीठ निमूटपणे खाली ठेवलं. घरात वहिनींचा असा दरारा. हॉस्पिटलात मात्र डॉक्टर खोलीत आले की त्या अजूनही खुर्चीतून उठून उभ्या राहतात.

त्यांचा प्रबंध मी वाचला आहे. शब्द अवजड, पण तक्ते चोख. सगळ्या बेरजा जुळतात. सार एवढंच, की चूक सगळ्यांत आधी नर्सला दिसते आणि ती सगळ्यांत शेवटी बोलते. त्यावर त्यांचा उपाय असा: डॉक्टर होणारी आणि नर्स होणारी मुलं पहिल्यापासून एकाच वर्गात शिकवावीत, म्हणजे पुढे बोलायची भीड उरणार नाही. या वर्गासाठी त्या वर्षानुवर्षं खेटे घालत होत्या. विषय फार महत्त्वाचा आहे, असं म्हणून समिती तो दर वेळी पुढे ढकलत होती. शेवटी समितीचे प्रमुख, मेडिकल कॉलेजचे डीनसाहेब म्हणाले, “एकदा करून दाखवा. पटलं तर सही करतो, नाही तर हा विषय कायमचा बंद.”

वहिनींचा मला फोन आला. “भाऊजी, खोटा पेशंट हवाय. याल का?”

“दादा नाही का चालणार?”

“ते डॉक्टरांनाच औषध सुचवतील. तुम्ही सांगितलं तेवढंच बोलता.”

बेत सोपा होता. मी कॉटवर पडायचं. माझ्या मनगटावर लाल पट्टी, म्हणजे या पेशंटला एक ठरावीक इंजेक्शन चालत नाही. डॉक्टर होणारा मुलगा नेमकं तेच द्यायला सांगणार आणि नर्सिंगची मुलगी त्याला थांबवणार. इंजेक्शनसाठी माझ्या शेजारी एक रबरी हात ठेवला होता, त्यामुळे मला काही धोका नव्हता. मुलगी चणीने लहान, मैत्रिणी तिला पिटुकली म्हणत. तालमीत ती “थांबा!” असं ओरडायची, की मी दचकायचो.

प्रत्यक्ष त्या दिवशी समोर समिती बसली. मुलाने मला तपासायला हात पुढे केला तोच डीनसाहेब उठले.

“अरे, पेशंटला हात असा लावतात का? सरक.”

त्यांनी माझी नाडी पाहिली. बोटं बरोबर लाल पट्टीवर होती. मग छाती, पोट, जीभ. सगळं तपासून झालं, फक्त मला काही विचारायचं राहिलं. आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, अशी मला सूचना होती.

“इंजेक्शन भरा,” डीनसाहेब म्हणाले, आणि नाव सांगितलं ते नेमकं तेच.

मुलाने वहीत लिहून घेतलं. समितीतल्या दोघांनीही लिहून घेतलं. पिटुकलीने माझ्या पट्टीकडे पाहिलं, डीनसाहेबांकडे पाहिलं आणि सिरिंजमध्ये पाणी भरलं.

मी डोळे किलकिले करून वहिनींकडे पाहिलं. डीनसाहेब उठल्यापासून त्या सवयीने उभ्याच होत्या. सही या माणसाच्या हातात. आज त्याला चारचौघांत चूक म्हटलं तर वर्ग गेला. गप्प बसलं तर वर्ग मिळेल, पण मग त्यात शिकवायचं कोणत्या तोंडाने? पिटुकलीची सुई रबरी हाताला टेकली.

“थांबा, सर.”

वहिनींचा हा आवाज घरातला नव्हता. बारीक होता, कापत होता.

“पेशंटला हे चालत नाही. पट्टी बघा.”

डीनसाहेबांनी माझं मनगट उचललं, पट्टी पाहिली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. समितीतले एक गृहस्थ छताकडे पाहू लागले. मग डीनसाहेब मोठ्याने हसले.

“शाबास! कोण थांबवतं तेच बघत होतो मी. मुद्दाम केलं!”

समितीने टाळ्या वाजवल्या. मुद्दाम केलं म्हटल्यावर सही नाकारायची तरी कशी? सही तिथल्या तिथे झाली. वर, कल्पना मुळात आपलीच होती असं डीनसाहेबांना चहापर्यंत आठवलंही, आणि वर्गाचं प्रमुखपद त्यांनी स्वतःकडे घेतलं. वहिनी सहायक.

घरी दादा भडकला. “अगं, सगळं श्रेय लाटलं की त्याने! मुद्दाम म्हणे! आणि तू ऐकून घेतलंस?”

“घेतलं.”

“मी असतो तर तोंडावर सांगितलं असतं.”

“सांगितलं असतंत, आणि वर्ग गेला असता.” वहिनी वेळापत्रक आखत होत्या. पहिल्या तासापुढे त्यांनी डीनसाहेबांचं नाव लिहिलं. “ते उद्घाटनाला एकदा येतील, भाषण करतील, फोटो काढतील. पुढचे सगळे तास माझे.”

“आणि ती पोरगी? तिची तर दातखीळच बसली होती,” मी म्हणालो.

“तिचीच नाही, भाऊजी, माझीही बसली होती. उद्यापासून तिच्यापासूनच सुरुवात करणार आहे. तुम्ही पुन्हा पेशंट व्हाल ना?”