किल्लीचं आवतण

फोनवर बोलायचं काम मी होता होईल तो टाळते. काय बोलायचं ते मी आधी कागदावर लिहून घेते, आणि तरी रिंग जात असताना मनातल्या मनात म्हणत असते, उचलू नका, उचलू नका. संगणकाची नोकरी मिळाली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला होता. सर्व्हरशी तोंडानं बोलावं लागत नाही.

साताऱ्यातल्या एका लहानशा कंपनीत मी डेटाबेस सांभाळते. आमचं सगळ्यांत मोठं काम डोळ्यांच्या एका दवाखान्याचं. मुख्य दवाखाना सांगलीत, शाखा साताऱ्यात आणि कऱ्हाडात. पेशंटची माहिती तीन सर्व्हरवर असते, तिन्ही गावी एकेक. त्या तिघांचं आपसात सारखं बोलणं चालू असतं, आणि बोलण्याआधी ते एकमेकांना आपापलं प्रमाणपत्र दाखवतात, गेटवरच्या शिपायाला ओळखपत्र दाखवावं तसं. या प्रमाणपत्रांना मुदत असते. ती संपली की काल गप्पा मारणारा सर्व्हर आज ओळख देत नाही.

प्रमाणपत्रांवर सही करणारी एक मूळ किल्ली असते. किल्ली म्हणजे आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ. ती एका लॅपटॉपमध्ये कुलूपबंद, त्या लॅपटॉपला नेट नाही, आणि लॅपटॉप सांगलीच्या दवाखान्यातल्या लोखंडी कपाटात. कुलूप उघडायची खूण पाच जणांत वाटलेली, प्रत्येकाकडे बंद पाकिटात एक तुकडा. पाचांपैकी कुठलेही तीन तुकडे एकत्र आले तर कुलूप उघडतं. दोन तुकड्यांनी काही होत नाही. दवाखाना काढणाऱ्या डॉक्टरांचा हा आग्रह होता. पेशंटची माहिती एकट्या कुणाच्या हातात नको, ती सांभाळणाऱ्याच्याही नको. मला ते मनापासून पटलं होतं. माझी अडचण एवढीच होती, की त्यासाठी पाच माणसांशी बोलावं लागणार होतं.

माझ्याआधी हे काम बघणारे सर पुण्याला गेले आणि पहिल्यांदाच नूतनीकरण माझ्यावर आलं. मी तीन आठवडे आधी पाचही जणांना छान इंग्रजीत मेल पाठवली. शेवटी लिहिलं, काइंडली कन्फर्म युअर अव्हेलेबिलिटी. उत्तर फक्त सांगलीच्या निवृत्त मेट्रनबाईंचं आलं, ‘ओके डिअर’. डॉक्टर परदेशी मुलीकडे होते. लोणंदचे व्यापारी सहकुटुंब यात्रेला गेले होते. राहिले दोघे, उंब्रजजवळचे सुभेदार आणि पलूसच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना मी परत मेल केली. मग परत. फोन मात्र केला नाही.

असं करता करता शनिवार उजाडला. तिन्ही प्रमाणपत्रं रविवारी संध्याकाळी सहाला संपणार होती. सोमवारी सांगलीत मोतीबिंदूची ऑपरेशनं होती. कुणाचा कुठला डोळा, आत कितव्या नंबरची काच बसवायची, कुणाला कुठलं औषध चालत नाही, हे सगळं त्या सर्व्हरवर. माणसं गावाहून उपाशीपोटी येणार आणि त्यांना परत पाठवावं लागणार, कारण मला फोन करायची लाज वाटली होती.

मी कागदावर वाक्य लिहून सुभेदारांना फोन लावला. बंद होता. मुख्याध्यापिका बाईंचा नंबर बदललेला. मी स्वयंपाकघरात गेले आणि पप्पांना सगळं सांगितलं. पप्पा सैन्यात ड्रायव्हर होते. बदल्या सारख्या व्हायच्या म्हणून मी इंग्रजी शाळेत शिकले. त्यांनी चहा संपवला आणि खुंटीवरची किल्ली काढली.

“गाडी मी चालवतो. बोलायचं तुजं तू.”

सुभेदारांचं घर उसाच्या रानात होतं. ते ओसरीत बसून रेडिओ दुरुस्त करत होते. पप्पांना बघताच त्यांची पलटणीची चौकशी सुरू झाली. मी वाट बघत उभी राहिले. मग दोघेही थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले.

“मी... मी तुम्हाला मेल केली होती,” मी म्हणाले. “तीनदा.”

“आसंल. त्यो फोन नातू कॉलेजात घिऊन जातो. त्यात काय येतं आन् काय जातं, मला काय ठावं?” सुभेदारांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “बारशाचं आवतण सुदीक घरी यिऊन देत्यात. तुमी किल्ली मागाय निघाला, ती बी दवाखान्याची. आन् उंबऱ्याला पाय न्हाई?”

पप्पा रेडिओच्या आत काहीतरी खूप महत्त्वाचं असल्यासारखे बघत होते.

मला एकदम कळलं, की यांचं चुकत नाहीये. मी त्यांना बोलावलंच नव्हतं. हजर राहण्याची सोय कळवा, एवढंच त्यांना कळवलं होतं.

“माझी चूक झाली,” मी म्हणाले. कागद खिशात होता, पण त्यावर हे वाक्य नव्हतं. “उद्या अकराला सांगलीच्या दवाखान्यात या. तुमचा तुकडा नसेल तर कुलूप उघडणार नाही. मग सोमवारी कुणाचीच माहिती दिसणार नाही. ऑपरेशनं होणार नाहीत.”

आतून भांड्याचा आवाज थांबला.

“मंजी माजं बी न्हाई व्हय?”

सुभेदारांच्या बायको दाराची चौकट चाचपत बाहेर आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन सोमवारी. आवाजाच्या रोखानं त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि माझा हात धरला.

“मॅडम, तुमी कायबी काळजी करू नका. मी आनते ह्यास्नी.” आणि मग नवऱ्याकडे वळून, “सा म्हैनं झालं मला तांदळातला खडा दिसंना. आन् तुमी हितं आवतणाचा हिशेब करताय?”

“आता दिलं की तिनं आवतण,” सुभेदार पडत्या आवाजात म्हणाले. “मी कुटं न्हाई म्हनलो?”

आम्ही निघताना त्यांनी मला त्यांची काळी ट्रंक उघडून दाखवली. पदकांच्या डबीखाली पाकीट होतं, लाखेची मोहर जशीच्या तशी. त्यांनी ते मला हातात घेऊ दिलं नाही. त्यांच्या बायकोनं मात्र हातावर तिळाची वडी ठेवली. “खावा, मॅडम.”

पलूसला जाईपर्यंत मला जरा धीर आला होता. मुख्याध्यापिका बाईंच्या घरी मी दारातच, चपला काढायच्या आधी म्हणाले, “मॅडम, मी तुम्हाला उद्याचं आवतण द्यायला आले.”

बाई खूश झाल्या. आवतण हा शब्द माझ्या तोंडी कसा वाटला कोण जाणे. त्यांनी पोहे केले, माझ्या शाळेची चौकशी केली, आणि तुकड्यात किती अक्षरं असतात असं विचारलं.

“फिफ्टी नाईन,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

मी मनात मोजायला लागले. पप्पा पोहे खात छताकडे बघत होते.

“एकोणसाठ,” शेवटी बाईच म्हणाल्या. “म्हण बघू.” मी म्हणाले. त्यांनी अजून थोडे पोहे वाढले.

मग त्या आतून आपला तुकडा घेऊन आल्या, आणि माझा घास तोंडातच राहिला. पाकीट नव्हतंच. कागद चकचकीत लॅमिनेशन केलेला होता, चारी कोपरे गोल कापलेले.

“एवढा महत्त्वाचा कागद,” बाई म्हणाल्या. “पाकिटात दमट झाला असता. मुलांचे दाखले, जमिनीचा उतारा, सगळं मी असंच ठेवते.”

“दुकानदारानं... पाहिला का हा?”

“पाहिला म्हणजे? वाकडा बसत होता, त्यानंच सरळ लावून दिला. फार चांगला मुलगा आहे.”

मी पाणी प्यायले. एका तुकड्यानं काहीच उघडत नाही, हे मला ठाऊक होतं, आणि तरी ते मनात तीनदा म्हणावं लागलं. दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडलेला तुकडा बाद करून सगळ्यांना नवे द्यायचे, असा आमचा नियम. पण नवे पाडायलासुद्धा जुने तीन लागतात. म्हणजे बाईंचं लॅमिनेशन उद्या लागणारच होतं.

“मॅडम, उद्या हा घेऊन या,” मी म्हणाले. “तोपर्यंत कुणाला दाखवू नका. त्या चांगल्या मुलालाही.”

बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी जिभेचा शेंडा दातांत धरला, अगदी शाळेतल्या मुलीसारखा.

रविवारी अकराला सांगलीत सगळे हजर होते. सुभेदार इस्त्रीच्या सदऱ्यात, त्यांच्या बायको ॲडमिट व्हायची पिशवी घेऊन, बाई लॅमिनेशन पदराखाली धरून. मेट्रनबाईंनी कपाट उघडलं. लॅपटॉप टेबलावर आला. प्रत्येकानं आपला तुकडा स्वतःच टाइप करायचा, दुसऱ्यानं बघायचं नाही, असा नियम मी वाचून दाखवला. पप्पा धरून पाच माणसांसमोर. आवाज थोडा कापला, पण शेवटपर्यंत पुरला.

मेट्रनबाईंचं पाच मिनिटांत झालं. मुख्याध्यापिका बाईंचं दहा मिनिटांत. मग सुभेदार बसले.

“पाठ फिरवा,” त्यांनी हुकूम सोडला.

आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र होतं. मागून एका बोटाचा टक आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक.

“आवं, झोपला काय?” त्यांच्या बायकोनं विचारलं. त्यांना पाठ फिरवायची गरज नव्हती, पण त्यांनीही फिरवली होती.

“गप बस. मोजतोय.”

अर्ध्या तासानं लॅपटॉपनं तुकडा नाकारला. पुन्हा अर्धा तास, पुन्हा नाकारला. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सारखी बघत होते. तिसऱ्या वेळी, पाठ फिरवण्याआधीच, सुभेदार कागद नाकाजवळ नेताना मला दिसले.

“आजोबा, चष्मा?”

“ऱ्हायला घरी,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “दिसतंय की. थोडं हुकतंय.”

“वाचून दाखवा, मी टाइप करते,” मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

“न्हाई. मगाशी पोरीनं नेम वाचला न्हवं? नेम मंजी नेम.”

मला तो नियम मोडावासा वाटला, खरं सांगते. पण ते माझ्याकडे असे बघत होते, जणू नियम माझा आहे आणि तो पाळायला ते बसले आहेत. तेवढ्यात मेट्रनबाई हसायलाच लागल्या.

“अहो, आपण कुठं बसलोय? डोळ्यांच्या दवाखान्यात!”

त्या तपासणीच्या खोलीतून नंबर काढायची ती गोल, जड फ्रेम आणि काचांची पेटी घेऊन आल्या. फ्रेम सुभेदारांच्या नाकावर चढली. एकेक काच आत सरकली. “आता? आता? आणि ही?”

“थांबा,” सुभेदार म्हणाले. कागदाकडे बघत राहिले. “आयला. हे तर समदं येगळंच हाय.”

त्यांच्या बायको एवढ्या मोठ्यानं हसल्या की वॉर्डातली नर्स डोकावून गेली.

पुन्हा पाठ फिरवली. या वेळी टक आवाज भराभर आले, एका बोटानंच, पण कवायतीच्या तालात. मग मी वळले तेव्हा पडद्यावर कुलूप उघडलेलं होतं, आणि सुभेदार ती फ्रेम नाकावर ठेवून, दोन्ही हात मांडीवर घेऊन, फोटोला बसल्यासारखे बसले होते.

पुढचं माझं काम होतं आणि ते मला येतं. तीन नवी प्रमाणपत्रं, तिन्हींवर मूळ किल्लीची सही. ती पेन ड्राइव्हवर घेऊन माझ्या रोजच्या लॅपटॉपवरून तिन्ही सर्व्हरना दिली. मग वाट बघणं. पडद्यावर तीन ठिपके असतात. आधी साताऱ्याचा हिरवा झाला, मग कऱ्हाडचा. सांगलीचा, जो आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर होता, त्यानं सगळ्यांत जास्त वेळ घेतला.

“जवळचंच पावनं उशिरा येत्यात,” सुभेदार म्हणाले. ठिपका हिरवा झाला. चार वाजून गेले होते.

मुख्याध्यापिका बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. मी कुणी टाळ्या वाजवाव्यात असं कधी काही केलं नव्हतं, त्यामुळे मीही वाजवल्या.

नवे पाच तुकडे पाडले. हजर तिघांना पाकिटं दिली, गैरहजर दोघांची दवाखान्याच्या तिजोरीत ठेवली. जुने फाडायचे होते. कागद फाटले, लॅमिनेशन फाटेना. सुभेदारांनी ओढून बघितलं, पप्पांनी ओढून बघितलं. शेवटी मेट्रनबाईंनी पट्ट्या कापायची कात्री आणली.

“किती चांगलं केलं होतं हो,” बाई तुकडे गोळा करत म्हणाल्या. मग नवं पाकीट पर्समध्ये ठेवताना माझ्याकडे बघून, “नाही करणार, गं.”

सर्व्हरवर लक्ष ठेवायला मी मंगळवारपर्यंत सांगलीत राहिले. सोमवारी यादीतलं एकही ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं नाही. मंगळवारी सकाळी मी वॉर्डाच्या दारात उभी होते. आत जायचं की नाही ते ठरत नव्हतं. सुभेदारांच्या बायकोच्या डोळ्यावरची पट्टी नर्सनं नुकतीच काढली होती. त्या खिडकीकडे बघत होत्या, मग स्वतःच्या हातांकडे, मग नवऱ्याकडे.

“लय पिकलायसा की वो तुमी,” त्या म्हणाल्या.

सुभेदारांनी दाराकडे बोट केलं. “त्या बग, तुज्या मॅडम.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खालून वर, मग पुन्हा वरून खाली.

“ही?” त्या म्हणाल्या. “आगं बया, ही तर एवढीशी पोर हाय! मला वाटलं, कोन पन्नाशीची हापिसर बाई आलीया. आन् मी आपली तुमी-तुमी करतीया!”

मी हसले. त्यांनी पलंगावर हात थोपटून मला जवळ बसवलं आणि माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.

“पुढल्या बारीला कवा येनार तू आवतण द्यायला?”

“पुढच्या वर्षी. मुदत संपायच्या एक महिना आधी.”

“जेवून जायाचं मग. उभ्या उभ्या न्हाई.”

“हो,” मी म्हणाले. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनीही मान डोलावली, म्हणजे तिथपर्यंत ऐकू गेलं असावं.