अटकेची खरी वेळ

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं विसरलो. कोहमारा गावातलं मात्र विसरता येत नाही.

तेव्हा मी फौजदार होतो. चौफुलीवरच्या एका ढाब्यामागे सकाळी ट्रकचालकाचं प्रेत सापडलं. डोक्यावर वरून घाव घातला होता. दुपारपर्यंत शेजारच्या पंक्चरवाल्याने खबर दिली, "ढाब्याच्या स्वयंपाक्याशी भांडण झालतं, साहेब." आम्ही स्वयंपाक्याला उचललं.

अटक दाखवली नाही. स्टेशन डायरीत नोंद नाही, घरी निरोप नाही. अटकेबाबत सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या सूचना ठाण्याच्या भिंतीवर लावलेल्या होत्या. दोन दिवस आमची 'चौकशी' चालली. त्याच्या पायाच्या तळव्यांवर पट्टे पडले. मी मारलं नाही, पण थांबवलंही नाही. तो सारखा म्हणायचा, "माहा हात वर होत नाही, साहेब." आम्हाला ते नाटक वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली. चिचगडकडची, शांत बाई.

"वकील सांगते, मानूस धरला तर घरच्यायले सांगा लागते. सुप्रीम कोर्टानं लिहून देल्लं आहे. मंग मले काऊन नाही सांगतलं?"

मी डायरी ओढली. अटकेच्या फॉर्मवर ताब्यात घेतल्याची खरी तारीख आणि वेळ लिहिली, त्यावर तिची सही घेतली. वरिष्ठ म्हणाले, "दोन दिवस बेकायदा डांबलं, हे स्वतःच्या हाताने लिहून देतोस?"

"हो साहेब."

नियमाप्रमाणे वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांनी तळव्यांच्या जखमा लिहिल्या आणि पुढे लिहिलं: उजव्या खांद्याचं हाड जुनं मोडलेलं, हात छातीच्या वर जात नाही. शवविच्छेदनाचा अहवाल पुन्हा काढला. उंच चालकाच्या टाळूवर उजव्या हाताने वरून घातलेला घाव होता तो.

मग खबर देणाऱ्याकडे वळलो. त्याला हात न लावता एकच विचारत राहिलो, भांडण तू कुठून पाहिलंस? दर वेळी जागा बदलत गेली. संध्याकाळी पंचांसमोर त्याने नाल्यातून टायर काढायची लोखंडी टॉमी काढून दिली. टायर बसवण्यावरून त्याचंच चालकाशी वाजलं होतं.

न्यायालयाने स्वयंपाक्याला सोडलं. पुढे माझ्यावर खात्याची चौकशी लागली, बदली झाली. त्याबद्दल तक्रार नाही.

निकाल मोठ्या न्यायालयात लागतो, पण सामान्य माणसापर्यंत तो ठाण्यातल्या फौजदाराच्या हातूनच पोहोचतो. मी तो दोन दिवस उशिरा पोहोचवला, एवढं मला कळलं.

सुटल्यावर तो लंगडत माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, मी खुनी नाही असा कागद द्या ना. गावात दाखवाले."

मी कोर्टाच्या आदेशाची नक्कल दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली.

"यात तर सोडलं एवढंच लिहून आहे."

एवढंच लिहिलेलं असतं, असं मी त्याला सांगितलं. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. मग बायकोने त्याचा डावा हात धरला आणि दोघं बसस्टँडकडे निघाले.